एकसंध सात फुटी रॉड गाडीच्या छताखाली टांगून न्यावेत का?

आपण विचारले आहे की इंदूरहून नर्मदेवर मासेमारीला जाताना सात आसनी गाडीत सात फुटी रॉड आतून छताला टांगून नेले तर चालेल का, आणि त्यासाठी छतात स्क्रू मारून कायमचे हूक बसवावेत का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गाडीत कर्टन एअरबॅग आहेत की नाहीत यावर अवलंबून आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही गाडीसाठी ‘नाही’ असेच आहे.

कर्टन एअरबॅग बाजूच्या खिडक्यांच्या वर, छताच्या कडेला, अस्तराच्या आत घडी घालून ठेवलेल्या असतात. खिडक्यांमधल्या खांबांच्या वरच्या टोकाला किंवा छताच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी अक्षरे उमटवलेली दिसली, तर आपल्या गाडीत त्या आहेत असे समजावे. खात्रीसाठी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी. धडक बसल्यावर त्या सेकंदाच्या काही शतांश भागात फुगून खिडकीवर खाली उलगडतात. नेमक्या त्याच वाटेत छताजवळची हँडले असतात, त्यामुळे हँडलांना बांधलेला पट्टा किंवा दांडी असेल तर एअरबॅग नीट उलगडणार नाही, किंवा रॉड आणि रीळ (लाइन गुंडाळायचे चाक) आत बसलेल्यांच्या अंगावर फेकले जातील. अशा गाडीत छताखाली काहीही टांगू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगतो. चांगला रॉड पुन्हा विकत घेता येतो. मागच्या आसनावर आपलीच मुले बसलेली असतात.

स्क्रूचे म्हणाल तर अस्तर म्हणजे दाबून बनवलेला हलका पुठ्ठ्यासारखा थर असतो आणि तो वजन पेलत नाही. त्याच्या वर दिव्याच्या तारा, काही गाड्यांत मागच्या एसीची वाहिनी, आणि मग पातळ पत्रा. पत्र्याला भोक पडले की पहिल्याच पावसाळ्यात तिथून पाणी झिरपते आणि गंज धरतो.

आता रॉडकडे वळू. तो दोन तुकड्यांचा असेल तर सुटा केल्यावर प्रत्येक तुकडा साधारण साडेतीन फुटांचा होतो आणि कापडी पिशवीत घालून डिकीत आडवा सहज मावतो, त्यामुळे टांगण्याचा प्रश्नच उरत नाही. अडचण खरी आहे ती एकसंध रॉडची, आणि आपले रॉड तसेच असावेत असे प्रश्नावरून दिसते.

गाडी जुन्या बनावटीची असेल आणि कर्टन एअरबॅग नसतील, तर पुढील पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन इंच रुंदीचे, बक्कलने आवळता येणारे नायलॉनचे दोन पट्टे घ्यावेत; एक मधल्या रांगेच्या दोन्ही हँडलांमध्ये आणि दुसरा शेवटच्या रांगेच्या हँडलांमध्ये ताणून बांधावा. पुढच्या रांगेचा विचार सोडून द्यावा, कारण बऱ्याच गाड्यांत चालकाच्या डोक्यावर हँडल नसते. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम लांबीत चिरून पट्ट्यांवर बसवावा आणि त्यावर रॉड एकमेकांना न घासता, वेल्क्रोच्या पट्टीने वेगवेगळे बांधावेत. दोन किंवा फार तर तीन रॉड पुरेत. लाइन, म्हणजे गळाची दोरी, सैल सोडावी आणि गळ पूर्ण काढून डबीत ठेवावेत; तिहेरी गळ रॉडच्या कडीत, म्हणजे लाइन ओवायच्या कड्यात, अडकवून ठेवण्याची सवय नदीकाठी ठीक आहे, चालत्या गाडीत ती डोळ्यावर बेतू शकते.

टोक कोणत्या दिशेला करावे यावर मतभेद आढळतात. माझे मत असे की टोक पुढे आणि मूठ मागे असावी. रॉडची टोके सर्वांत जास्त मोडतात ती दारात आणि डिकीत सापडून, त्यामुळे टोक डिकीपासून दूर असलेलेच बरे. शिवाय रीळ मागच्या पट्ट्याच्या मागे राहील असा रॉड ठेवला, तर करकचून ब्रेक लागल्यावर पुढे सरकू पाहणारा रॉड रिळाच्या पायाशी पट्ट्यालाच अडतो. महूहून जाम गेटमार्गे मंडलेश्वरकडे उतरताना त्या वळणांवर या अडणीचे मोल कळते. मात्र रिळांच्या खालची, म्हणजे शेवटची, रांग रिकामी ठेवावी, आणि टोके चालकाच्या आरशाआड येत नाहीत ना, हे निघण्यापूर्वी चालकाच्याच जागी बसून पाहावे.

रॉड गाडीतच टांगलेले ठेवू नयेत. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत छताजवळची हवा सर्वांत जास्त तापते. कार्बनच्या नळीला त्याने सहसा काही होत नाही, पण टोकाची कडी बहुधा उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. तो मऊ पडला की कडी किंचित फिरते. मुठीकडून एक डोळा मिटून रॉडवरून नजर टाकली तर शेवटची कडी इतर कड्यांच्या रेषेतून सरकलेली स्पष्ट दिसते. तशीच वापरली तर लाइन घासत राहते. फायबर किंवा बांबूच्या काठीला तर आवळून बांधल्यास कायमचा बाकही येतो.

कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीसाठी उपाय बाहेरच्या छतावर आहे. कॅरिअरवर ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बसवावा. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत असे पाइप आणि त्यांची झाकणे सहज मिळतात. रीळ काढून रॉड कापडी पिशवीत घालून आत सरकवावेत, दोन्ही तोंडांशी फोमचा जाड तुकडा ठेवावा, मागच्या झाकणाला कुलूप लावता येईल असे पाहावे आणि पाणी निथळायला तळाशी दोन-तीन बारीक भोके पाडावीत. पाइप पांढरा असावा, कारण गडद रंगाचा पाइप उन्हात फार तापतो.

नावेतही छताखाली रॉड न्यायचे असतील तर ते आडवेच ठेवावेत. कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडत असताना किंवा नदीवरून गेलेल्या तारांखालून जाताना रॉड उभा धरणे जिवाशी खेळ आहे.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांमध्ये मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत पट्टे उतरवून बक्कल आणि शिवण तपासावी, रॉड पुसून घरात कोरड्या जागी ठेवावेत; ओल्या पिशवीत राहिलेल्या रॉडच्या कॉर्कच्या मुठीवर पावसाळ्यात हमखास बुरशी धरते.