ट्रंकेतली बाळंतीण

प्रश्न : डॉक्टरकाका, आमची मनी पाच दिवसांपूर्वी माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत व्याली. ट्रंकेत माझ्या साड्या आहेत. कडी मोडल्यामुळे झाकण उघडंच असतं. चार पिल्लं आहेत, त्यातलं एक हडकुळं. बाकीची त्याला आचळापाशी टिकू देत नाहीत, म्हणून मी ड्रॉपरने गाईचं दूध पाणी घालून पाजते. पण कालपासून ते पातळ हगायलंय. सासूबाई म्हणतात, माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं टाकते, आणि तशीही ती सात घरं बदलणारच. बाहेर झड थांबत नाही, शेजारचा बोका रोज कौलांवरून फेऱ्या घालायलाय. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी ते गाईचं दूध बंद करा, मग पुढचं वाचा.

तुम्हाला बोल लावत नाही. मी स्वतः हेच केलंय. आठ-नऊ वर्षांचा असेन, वडगावच्या घरी हातमागाच्या खड्ड्यात मांजर व्याली होती. आई दिवसभर दिसत नाही म्हणून मी कापसाच्या वातीने पिल्लांना दूध पाजत बसलो. तीन दिवसांत तिन्ही गेली. मांजर जवळच असणार. मीच खड्ड्याच्या काठावरून उठत नव्हतो. जनावरांचा डॉक्टर झाल्यावर त्याचं कारण कळलं. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाहून जास्त असतात, आणि गाईच्या दुधातली साखर या पिल्लांना नीट पचत नाही. त्यात आपण पाणी घालतो. पोट टम्म दिसतं आणि पिल्लू उपाशी.

हडकुळ्याच्या तोंडात करंगळीचं टोक घालून बघा. तोंड गार लागलं तर आधी ऊब, दूध नंतर. गारठलेल्या पिल्लाला काहीच पचत नाही. पहिले तीन आठवडे पिल्लाला अंगची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर जागा तीसेक अंश उबदार लागते. तुमच्याकडच्या पावसात माळ्यावर ती कुठून येणार? बाटलीत गरम पाणी भरा, जुन्या धोतरात गुंडाळा आणि एकाच कडेला ठेवा, म्हणजे जास्त उकडलं तर पिल्लं सरकतील. अंग उबदार झालं की बाकीच्या तिघांना दहा मिनिटं बाजूला धरून याला मागच्या आचळाला लावा. तिथे बहुधा दूध जास्त असतं. तरीही कमी पडलं तर बेळगावात पाळीव जनावरांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. ती पाजताना पिल्लू पालथं धरायचं, तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. उताण्याचं दूध फुप्फुसात जातं.

वजनाला कुंद्याचा रिकामा बॉक्स घ्या. तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि पिल्लू आत ठेवा. जन्मताना साधारण शंभर ग्रॅम, पुढे दिवसाला दहाएक ग्रॅम वाढ हवी. पातळ हगणं मात्र आज थांबलं नाही तर उद्याचं वजन बघत बसू नका, दवाखाना गाठा. एवढ्याशा जिवातलं पाणी किती वेळ पुरणार?

आता ट्रंक. साड्या आहेत म्हणजे डांबराच्या गोळ्याही असणार, आणि त्या मांजराला विष आहेत. म्हणून हलवायलाच हवं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पुढची बाजू वीतभर ठेवून कापा, आत मऊ सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. मनी जेवायला उतरली की तिच्या वासाच्या साडीसकट पिल्लं खोक्यात ठेवा. (आधी साडीच्या घडीत गोळी राहिली नाही ना, ते बघा. ती साडी गेली असं समजा.) खोकं कमी वर्दळीच्या, दार लागणाऱ्या खोलीत ठेवा आणि फरशीला फिनेल लावू नका, तेही तिला बाधतं.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. घरच्या माणसाच्या वासाने पाळलेली मांजर पिल्लं टाकत नाही. सात घरांचं मात्र मी बघितलंय. ओलं अंथरूण, बघ्यांची रांग, बोक्याचा वास, यातलं काहीही झालं की ती बिऱ्हाड हलवते. परका बोका पिल्लं मारतो, म्हणजे तिची भीती काही खोटी नाही. खिडकी लावून घ्या.

आणि बाळंतिणीला दूधभातावर ठेवू नका. तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, तेही मांस, अंडं, मासळी. रविवारी कोंबडी शिजवताना कांदा-लसूण पडण्याआधी तिचे तुकडे बाजूला उकडून काढा. कांदा-लसूण मांजराला चालत नाही. ती थरथरायला लागली, पाय ताठरले, धापा टाकू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलंय असं समजून त्याच घटकेला डॉक्टरकडे न्या. आचळ गरम आणि दगडासारखं लागलं, घाण वासाचा स्राव दिसला, तरी तेच. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाचा ताप उतरवणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतील. बोटाने उघडू नका. चौथ्या आठवड्यात पिल्लं आईच्या ताटलीत तोंड घालतील. जंताचं औषध तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, वजन करून, डॉक्टरांना विचारूनच. निदान आठ आठवडे आईपासून तोडू नका, मागणारे कितीही घाई करोत. मनीचं ऑपरेशन अंगावरचं दूध सुटल्यावर. तोवर तिला बाहेर सोडू नका, दूध पाजतानाही मांजर गाभण राहू शकते. मग दोन महिन्यांनी पुन्हा ट्रंक.

प्रश्न : तीन रंगांचं पिल्लू बोका निघालं तर लाखात विकलं जातं, हे खरं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अशा सौद्याला मी कधी बसलो नाही. तांबडा रंग येतो तो एक्स गुणसूत्रावरून. तांबडा आणि काळा दोन्ही दिसायला बहुधा दोन एक्स लागतात, ते असतात मादीकडे, म्हणून तिरंगी मांजरं जवळजवळ सगळी माद्याच. एखादा बोका निघतोही, पण तो बहुतेक वेळा वांझ असतो. शेपटी वर करून पुन्हा एकदा बघा.