रोलेक्सचे सबमरिनर हे पाणबुड्यांसाठीचे घड्याळ घ्यावे, की होमाज म्हणजे त्या धर्तीवर दुसऱ्या कंपनीने बनवलेले स्वस्त घड्याळ?

घड्याळ रोज वापरायचे असेल, तर माझे मत होमाजच्या बाजूने आहे. मात्र तबकडीवर बनवणाऱ्याचे स्वतःचे नाव हवे, कारण रोलेक्सचे नाव छापलेली नक्कल ही फसवणूकच असते. अशा बऱ्याच घड्याळांत सेइको या जपानी कंपनीचे एनएच३५ हे यंत्र असते, जे पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालते आणि बिघडल्यास कारागीर ते अख्खे बदलून देऊ शकतो. रोलेक्स दिवसाला दोन सेकंदांच्या आत-बाहेर राहण्याची ग्वाही देते, तर एनएच३५ वीस सेकंद मागे किंवा चाळीस सेकंद पुढे जाऊ शकते. हा फरक खरा आहे, पण कामाच्या दिवसात तो जाणवत नाही. घेण्यापूर्वी तबकडीभोवतीची फिरती कडी फिरवून पाहावी, आणि ती डगमगली किंवा तिची खूण बाराच्या रेषेशी जुळली नाही, तर ते घड्याळ घेऊ नये.