ख्रिस्ती मंडळीची मूळ मूल्ये कोणती, आणि तिथे पाळकांचा शब्द शेवटचा असतो का?

नाही, पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, शब्द शेवटचा नसतो. निदान ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देऊन पूर्ण सभासद होण्याचा विधी) झाले आणि जिच्या कमिटीवर मी बरीच वर्षे काम केले, तिच्या घटनेप्रमाणे तो कधीच शेवटचा नव्हता. प्रश्नकर्त्यांनी मूल्यांची यादीही मागितली आहे. प्रेम, क्षमा, सेवा, ऐक्य, साक्ष (म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगणे) ही यादी कोणत्याही चर्चच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेली सापडेल आणि तिच्याशी कोणाचाही मतभेद नसतो. म्हणूनच तिच्यावरून मंडळीची पारख होत नाही. पारख करायची असेल तर त्या मंडळीत हिशेब कोण विचारू शकतो आणि विचारल्यावर त्याचे पुढे काय होते, एवढे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे आणि ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे उभारले. ही माणसे काँग्रिगेशनल परंपरेतली होती. नवा सभासद घेणे, पाळकांना बोलावणे, चुकलेल्याला शिस्त लावणे आणि पैसा खर्च करणे या सर्व गोष्टी सभासदांच्या सभेत ठराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंघ एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकनांकडून बिशप आले, प्रेस्बिटेरियनांकडून वडीलजनांची, म्हणजे मंडळीने नेमलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांची, पद्धत आली आणि आमच्याकडून सभा आली. ऐक्य हे मूल्य त्या दिवशी नुसते गाण्यात राहिले नाही, कारण बालबाप्तिस्मा मानणारे आणि केवळ प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा मानणारे अशा दोघांनीही एकमेकांची रीत ग्राह्य धरून एकाच घटनेखाली राहण्याचे मान्य केले. आज पाळकांची नेमणूक आणि बदली बिशपसाहेब करतात. पाळक पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, अध्यक्ष असतात. पण कमिटीचे इतर सभासद मंडळी निवडते, आणि वर्षाचा हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवावाच लागतो. बिशपसुद्धा धर्मप्रांताच्या, म्हणजे त्यांच्या हाताखालील प्रदेशाच्या, कौन्सिलला आणि सिनॉडला, म्हणजे सीएनआयच्या सर्वोच्च सभेला, बांधलेले असतात, आणि सिनॉडचे मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, ठराविक मुदतीसाठी निवडलेले असतात. रचना म्हणून यापेक्षा अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

समतेविषयी मात्र दोन वाक्ये लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७६–७८ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातील महार आणि मांग समाजांतील पुष्कळ कुटुंबे मंडळीत आली, आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांचीच पणतवंडे आज मुलामुलींची लग्ने जुळवताना पूर्वाश्रमीची जात हळू आवाजात विचारून घेतात, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

आता या प्रश्नाने मला का टोचले, ते सांगते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मंडळीने मला खजिनदार निवडले. आमच्याकडे हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा दिवस, मोठा असतो. उपासना झाली की चर्चच्या आवारात दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. त्यात ज्वारीची पोती, गावठी कोंबड्या, डाळिंबांच्या पेट्या, कोणाच्या घरचा केक असे काय काय असते, आणि एकच नारळ चढ्या बोलीने घेऊन पुन्हा दान करणारे हौशी लोकही असतात. मंडळीच्या वर्षभराच्या जमेचा चांगलाच मोठा भाग त्या एका दुपारी गोळा होतो. त्या वर्षी मी बहिणीच्या घरच्या लग्नासाठी बाहेरगावी होते. रविवार असल्यामुळे बँक बंद होती, म्हणून लिलावाची रोकड पाळकसाहेबांनी स्वतःकडे ठेवली, आणि ती माझ्यापर्यंत पोहोचलीच नाही. कमिटीत मी विषय काढला, तेव्हा “पुढच्या बैठकीत पाहू” असे उत्तर मिळाले. पुढच्या बैठकीत प्रार्थनाच एवढी लांबली की चहा येईपर्यंत हिशेबाचा विषय निघालाच नाही.

वार्षिक सभेसाठी पत्रक तयार करताना माझ्यापुढे दोनच मार्ग होते. लिलावाची ओळ गाळायची, किंवा ती लिहून तिच्यापुढे खरे काय ते लिहायचे. मी ओळ लिहिली आणि रकमेच्या जागी “जमा झालेली नाही” असे शब्द घातले. सभेत ते वाचून दाखवल्यावर काही क्षण कोणीच बोलले नाही, आणि मग माझे चुलतभाऊ, ज्यांना आमच्या घरात सगळेच दादा म्हणतात, ते उठून उभे राहिले. “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, असे वचन आहे. देवाच्या सेवकाला भर सभेत चोर ठरवण्याचा अधिकार तुला कोणी दिला?” असे त्यांनी मला विचारले. मी म्हणाले, “दादा, चोर हा शब्द तुम्ही उच्चारलात, मी नाही. मी खजिनदार आहे आणि माझ्या वहीत पैसे आलेले नाहीत, एवढेच मी वाचले.” पुढे बराच गोंधळ झाला, महिला मंडळातील काही बायका रडल्या, आणि एका वडीलजनांनी ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातील गीत सुरू करून वातावरण निवळवण्याचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब स्वतः माझ्या घरी आले. त्यांच्याजवळ एका पाकिटात पावत्या होत्या. पाळकगृहाचे छप्पर पावसाळ्याआधी बदलले होते, पत्रे, मजुरी आणि वाहतूक यांचा खर्च त्यात होता, आणि तो खर्च योग्यच होता. उरलेल्या रकमेची मात्र पावती नव्हती. ती त्यांनी मंडळीतील एका कुटुंबाला दवाखान्यासाठी दिली होती, आणि त्या कुटुंबाने नाव बाहेर फुटू नये अशी विनंती केली होती. “उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूनेच सांगितले आहे, मग मी ते सभेत कसे वाचू?” असे ते म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. पण मी त्यांना म्हणाले की, ते वचन स्वतःच्या खिशातून दान देणाऱ्याला उद्देशून आहे, आणि हा पैसा मंडळीचा आहे.

त्यांनी यावर वाद घातला नाही. त्यांच्याच सूचनेवरून असे ठरले की, दानाची रोकड दोघांनी मिळून मोजावी, जागच्या जागी कागदावर दोघांच्या सह्या व्हाव्यात, आणि गुप्त मदतीसाठी एक वेगळी वही असावी, जी पाळक आणि एक वडीलजन यांनीच पाहावी. सभेपुढे तिची फक्त एकूण रक्कम यावी. ते पाळक नंतर रीतीप्रमाणे बदलून गेले, त्यांच्यानंतर आलेल्यांनीही ही पद्धत मोडली नाही, आणि एका पाळकांनी तर मला सांगितले की, या वहीमुळे त्यांना रात्री झोप शांत लागते, कारण गावात कोणी काही कुजबुजलेच तर दाखवायला कागद असतो. नेतृत्व कसे असावे, असे कोणी मला विचारले की मी नेहमी हेच सांगते. प्रश्न विचारला गेल्यावर त्या पाळकसाहेबांनी पाकीट घेऊन एका खजिनदार बाईच्या दारात येण्यात कमीपणा मानला नाही.

दादांनी मात्र मंडळी सोडली. ते आता एका स्वतंत्र फेलोशिपला, म्हणजे कोणत्याही चर्चसंघात नसलेल्या मंडळीला, जातात. तिथे संस्थापक पाळक आहेत, त्यांच्या पत्नी खजिनदार आहेत आणि त्यांचा मुलगा गीतांचे संचालन करतो. आमचा वाद मात्र सुटलेला नाही. दर नाताळला, जेवणाच्या पानावर, तो पुन्हा निघतो. म्हणून इथे तो नीट मांडते.

दादा जे वचन देतात, ते बायबलमधील १०५ व्या स्तोत्रातले आहे, आणि त्याच्या मागच्यापुढच्या ओळी वाचल्या तर ते अब्राहाम, इसहाक आणि याकोब परक्या राजांच्या देशांत उपऱ्यासारखे हिंडत होते, त्याविषयी आहे. बलवान राजांनी दुबळ्या प्रवाशांना छळू नये, असा त्याचा रोख आहे. त्याचा उपयोग करून अधिकाऱ्याला सभासदांच्या प्रश्नांपासून वाचवणे म्हणजे ते वचन उलटे टांगणे होय. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही, हे दादा आवर्जून सांगतात. पण त्याच प्रसंगी त्याने शौलाच्या झग्याचा कापलेला काठ दाखवून सर्वांदेखत त्याला जाब विचारला, हे ते सांगत नाहीत. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर दोषी ठरवले. अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमोर विरोध केला. ही सगळी माणसे आमच्या मंडळीतल्या कोणाहीपेक्षा अधिक अभिषिक्त होती.

आणि हिशेबाचेच म्हणाल तर मंडळीच्या इतिहासातील अगदी सुरुवातीची एक मोठी तक्रार रोजच्या वाटपाचीच होती. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की, आमच्या विधवांना वाटपात डावलले जाते. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, “आमच्यावर विश्वास ठेवा” असेही म्हटले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले आणि तुमच्यातूनच सात माणसे निवडा, असे सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कारभार गेला असावा. पौलाने यरुशलेमेसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्याने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कारणही दिले की, कोणी दोष लावू नये आणि देवापुढेच नव्हे, तर माणसांपुढेही व्यवहार चोख असावा. “देव पाहतो आहे, पावती कशाला?” असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो आठवा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा.

दादांचा शेवटचा हुकमी मुद्दा ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा असतो. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशन सोडले, मग आम्ही मंडळी सोडली तर काय बिघडले, असे ते विचारतात. नगरच्या ख्रिस्ती घरात टिळकांचे नाव घेतले की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, हे दादांना पक्के ठाऊक आहे. पण टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. त्यांनी दार मोठे केले. दादांच्या फेलोशिपमध्ये सभासदांची यादीच नाही, म्हणून सभा नाही, आणि सभा नाही म्हणून प्रश्नही नाही. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मात्र नियमाने घेतला जातो.

आमचे सगळे सोवळे आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मिशनकाळातील जमिनींवरून महाराष्ट्रात चर्चसंस्थांचे दावे वर्षानुवर्षे कोर्टात आणि धर्मादाय आयुक्तांपुढे चालतात, कमिटीच्या निवडणुकांत गट पडतात, आणि मतदानाच्या आदल्या रात्री घरोघर होणाऱ्या सगळ्याच प्रार्थना आध्यात्मिक नसतात. ज्यांचा हिशेब आमच्यापेक्षा स्वच्छ आहे, अशा स्वतंत्र मंडळ्याही मी पाहिल्या आहेत. कॅथलिकांची रचना वेगळी आहे. तिथे धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मंडळीचा, कारभार फादरांकडे असतो, आणि १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते, पण ती सल्ला देणारी असते. त्यामुळे वसईच्या कोणा कॅथलिक वाचकाला माझे पहिले वाक्य पटणार नाही, आणि त्यांच्यापुरते ते बरोबरच असेल.

प्रश्नकर्ते एखाद्या मंडळीत सामील होण्याच्या विचारात असतील, तर त्यांनी दोन-तीन रविवारच्या प्रवचनांवरून निर्णय घेऊ नये. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण होते का, विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल होतो का, आणि जमीन विकायची झाल्यास १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे परवानगी घेतली जाते का, हे विचारावे. विचारताना कोणाचा चेहरा बदलतो, तेही पाहून ठेवावे. आणि शक्य झाल्यास वार्षिक सभेला मागच्या बाकावर बसू देण्याची विनंती करावी. दादांच्या फेलोशिपमध्ये अशी सभा भरलीच, तर मीही पाहुणी म्हणून येईन, असे मी त्यांना गेल्या नाताळला सांगितले आहे. त्यांनी पाळकांना विचारून कळवतो, असे म्हटले होते. अजून काही कळवलेले नाही.