रावेला (कृषी पदवीतल्या गावात जाऊन शेती शिकायच्या उपक्रमाला) निघालास? सुरुवातीला एवढं सांभाळ

पहिला आठवडा सल्ले देऊ नकोस. ज्या शेतकऱ्याकडे शिकायला जाशील, त्याच्या घरच्यांबरोबर सकाळी रानात जा. पाणी कुठून येतं, वैरण किती उरलीय ते बघ. सोलापूरकडे कडब्याला मोल आहे, म्हणून नुसता धान्याचा उतारा बघून मालदांडीला (ज्वारीचा जुना वाण) नावं ठेवू नकोस. नवखे इथंच चुकतात.

ज्वारीच्या रानातला मातीचा नमुना मात्र नीट घे:
- नागमोडी फिरून ८-१० ठिकाणी, व्ही आकाराचा २० सेंमी खड्डा.
- बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळ.
- माती मिसळून चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच कर. खताच्या रिकाम्या पोत्यात भरलीस तर निकालच चुकतो.

डाळिंबाची छाटणी करताना दर झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडव, नाहीतर तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) तूच पसरवशील. बहार धरणं, फवारण्या नंतर शिकशील.