फरशी शेवटी बसते, ठरते मात्र आधी

प्रश्न: ताई, आमच्या घराचं विटकाम संपत आलंय, पुढच्या आठवड्यात प्लास्टर चालू होईल. काँट्रॅक्टर म्हणतो फरशीचं आत्ताच कशाला टेन्शन घेता, ती सगळ्यात शेवटी बसते, तेव्हा ठरवा. घरात मात्र रोज त्यावरूनच वाजतंय, मला नैसर्गिक दगड हवाय आणि मिस्टरांना चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. खरंच एवढ्यात ठरवायलाच हवं का?

उत्तर: हो, हवं. काँट्रॅक्टर खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. रंग आणि डिझाइन नंतर ठरवलंत तरी चालेल, जाडी आत्ताच ठरवा. दगडाची लादी साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड असते आणि तिच्याखाली मसाल्याचा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा, चांगला जाड थर पडतो, व्हिट्रिफाइड टाइल ८ ते १० मिमीची, आणि खालचा कोबा, म्हणजे फरशीखालचा काँक्रीटचा थर, सपाट असेल तर अ‍ॅडहेसिव्हवर अजून पाच-सहा मिमीत काम भागतं. म्हणजे तुमच्या दोघांच्या भांडणात सहज दीड इंचाचा फरक आहे बरं का!

आता दीड इंचाने काय होतं ते ऐका. जिना ओतला गेलाय, त्याच्या पायऱ्या ठरल्यात. खालची फरशी धरली होती त्यापेक्षा जाड झाली की पहिली पायरी बुटकी होते, आणि वरच्या मजल्याचीही जाडी वाढली की शेवटची पायरी उंच होते. बाकीच्या पायऱ्यांवर पायाला एक अंदाज बसलेला असतो आणि नेमका तिथेच तो चुकतो. माझ्याच घरात हे झालंय, दगड घ्यायचं आम्ही फार उशिरा ठरवलं, आज इतकी वर्षं झाली पण नवीन आलेला माणूस वरच्या पायरीला अडखळतोच आणि मी स्वयंपाकघरातून "सांभाळून" असं ओरडते.

दारांचंही तेच, चौकटी आधी बसतात, फरशी वर आली की दार घासायला लागतं मग सुतार खालून तासतो. बाथरूमचं उलटं असतं, तिथली फरशी बाहेरच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी आणि वर पुन्हा नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार हवा, मीटरला निदान १० ते १२ मिमी, आणि प्लंबर ट्रॅप बसवताना विचारणार की तयार फरशी कुठे येणार, तेव्हा "बघू नंतर" म्हणालात तर पाणी बाहेरच्या खोलीत येणार. स्विचबोर्ड आणि ओट्याची उंचीसुद्धा तयार फरशीपासूनच मोजतात.

त्यामुळे प्लास्टरच्या आधी एक काम करा, तयार फरशी कुठे येणार ते नक्की करून तिथपासून बरोबर १ मीटर वर पाणसळीच्या नळीने (पाणी भरलेली पारदर्शक नळी, तिने पातळी एक धरता येते) सगळ्या खोल्यांत एक रेषा मारून घ्या. मग गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन सगळे त्याच रेषेवरून मोजतील. प्लास्टरखाली ती गेली की पुन्हा मारायला लावा, कंटाळू नका.

दगड की टाइल हे मला विचारलंत तर दोन्ही घ्या, हॉलमध्ये दगड, बाकीकडे टाइल, फक्त टाइलखाली कोबा जाड करून पातळी एक करून घ्या. चकचकीत टाइल ओली झाली की पाय सटकतो म्हणून बाथरूममध्ये मॅटच, इथे मिस्टरांचं ऐकू नका. आणि दगड म्हणजे संगमरवर डोक्यात असेल तर त्याला आंबट, अ‍ॅसिडवालं काहीही चालत नाही, लिंबू सांडलं तरी डाग पडून चमक जाते. ग्रॅनाइटला तो त्रास नाही.

प्रश्न: प्लास्टर होऊन पंधरा दिवस झाले, भिंत हाताला कोरडी लागते. पेंटर म्हणतो पुट्टी मारून मोकळे होऊ. मारू का?

उत्तर: नका मारू. निदान सात दिवस तर आपणच तिच्यावर पाणी मारलंय ना, ते इतक्या लवकर बाहेर पडत नाही. हाताला वरचा पापुद्राच कळतो. प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा, आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीवर पुट्टी मारली की ती फुगते, सोलते, आणि ताज्या सिमेंटमधला अल्कली, म्हणजे त्यातला तीव्र क्षार, रंगाला खातो तो वेगळाच. पांढरी पावडर दिसत असेल तर ते क्षार आहेत, कोरड्या ब्रशने झटका, धुऊ नका, पाण्याने ते परत आत जातात. पेंटर कुरकुर करेल, त्याला दुसरं काम धरायचं असतं.

प्रश्न: टाइल्स किती जास्त घ्याव्यात?

उत्तर: सरळ बसवणार असाल तर ५ ते १० टक्के, तिरक्या बसवणार असाल तर १५ पर्यंत जा कारण कापण्यात फार वाया जातात. सगळ्या बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे का ते गाडीतून उतरवतानाच बघा, बसवल्यावर नाही. उरलेला एक बॉक्स परत देऊ नका, माळ्यावर टाका, आमच्या हॉलमधल्या सोफ्याच्या जागेखाली एक वेगळ्याच रंगाची टाइल आहे आणि म्हणून तो सोफा हलत नाही.