वाचकांचे प्रश्न : ब्रासभर वाळू, जुलैतली सुरमई आणि बोकडाचा रवंथ

प्रश्न : धायरीजवळ घराचं बांधकाम सुरू आहे. ठेकेदार नदीच्या वाळूवर अडून बसलाय. क्रश सँडने गिलाव्याला भेगा पडतात, असं त्याचं म्हणणं. मुलगी म्हणते, नदी उपसू नका. पण डोंगर फोडून केलेली वाळू तरी बरी कशी?

आधी नदीचा हिशेब. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. वाळूच्या कणांमध्ये साधारण ३५ टक्के पोकळी असते, आणि पात्रात त्या पोकळीत पाणी राहतं. म्हणजे एक ब्रास वाळू उचलली की सुमारे हजार लिटर पाण्याची साठवण नदीतून उठली. काठच्या विहिरी आटतात त्या यामुळे. पात्र खोल जातं, काठच्या जमिनीतलं पाणी त्या खड्ड्याकडे उतरतं आणि पुलांचे पाये उघडे पडतात. पुढच्या पुरात वाळू परत येईल म्हणावं, तर वर पानशेत, वरसगाव, खडकवासल्याच्या भिंती उभ्या आहेत. गाळवाळू तिथेच अडते.

क्रश सँड निर्दोष आहे असं आम्ही म्हणणार नाही. वाघोली, मोशीच्या खाणींचे खड्डे आणि क्रशरची धूळ ही तिची किंमत. आपला काळा पाषाण बेसॉल्ट असल्याने त्यात सुटी गारगोटी फार कमी, म्हणून वालुकाश्माच्या खाणींइतका सिलिकोसिसचा (गारगोटीच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचा) धोका इथे नाही. बारीक धूळ मात्र कुठल्याही दगडाची असो, फुप्फुसाला वाईटच. क्रशर पत्र्याने झाकलेला आहे का, पट्ट्यावर पाण्याचे फवारे चालू आहेत का, गाडीला ताडपत्री आहे का, हे खाणीवर गेलात तर पाच मिनिटांत दिसतं. गाडीबरोबर महाखनिज या सरकारी प्रणालीचा वाहतूक पास मागा. (याच वाघोलीच्या खाणींतून कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज निघतं. जगभरचे संग्राहक त्यावर जीव टाकतात, आणि आपण खडी म्हणून रस्त्यात घालतो.)

आता भेगा. ठेकेदाराचा अनुभव खोटा नसेल, पण त्याने काढलेलं कारण चुकलंय. बाजारात ‘क्रश सँड’ या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक, जबड्याच्या क्रशरखाली खडीबरोबर पडणारी डस्ट. तिचे कण चपटे, टोकदार आणि भुकटी भरपूर. दुसरी, व्हीएसआय यंत्रातली, जिथे दगड दगडावर आपटून कण ठोकळ्यासारखे होतात आणि जादा भुकटी धुऊन किंवा वाऱ्याने वेगळी काढतात. डस्ट पाणी फार पिते. माल घट्ट वाटतो म्हणून मिस्त्री वरून बादली ओततो, ते जादा पाणी सुकताना गिलावा आक्रसतो आणि भेग पडते. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला काँक्रीटमध्ये २२ ते २५ लिटर पाणी हा पल्ला ठेवा. माल हलत नसेल तर पाणी वाढवू नका, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. गिलाव्याला वेगळी चाळलेली प्लास्टर सँडच मागवा. काँक्रीटची वाळू भिंतीवर मारली की पृष्ठभाग खरखरीत येतो आणि मिस्त्री तो झाकायला वरून निरू (चुन्याचा पातळ लेप) फासतो. तो थर सगळ्यात आधी तडकतो.

गाडी रिकामी होण्याआधी एक परीक्षा करा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी आणि चमचाभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बारीक गाळाचा थर बसेल. नदीच्या वाळूत हा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जाड असला तर गाडी परत पाठवा. क्रश सँडला तोच नियम लावू नका. आयएस ३८३ या भारतीय मानकाने (२०१६) फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत चालवली आहे, कारण ती माती नसून दगडच असते. माती आहे का ते बोटांनी ओळखा. ओली चिमूट चोळा. दगडाची भुकटी वाळली की राखाडी होऊन झटकली जाते. माती चिकटते आणि तांबूस डाग ठेवते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो किंवा वरचा मुरूम न काढता दगड फोडला की वाळू तांबूस येते.

आणि शक्य तिथे वाळू वाचवा. पायाखालचं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) एम १५ या ताकदीच्या प्रतीच्या खालचं असेल तर त्यात जुन्या काँक्रीटची फोडलेली खडी शंभर टक्के वापरायला हेच मानक परवानगी देतं. सळईच्या काँक्रीटमध्ये, एम २५ पर्यंत, २० टक्के. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा फोडणारे प्रकल्प वाघोली आणि मोशीला आहेत.

प्रश्न : जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणतात. मग गणेश पेठेत ताजी सुरमई येते कुठून? चोरीची असते का?

बहुतेक वेळा नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यापासून आंध्र, तमिळनाडूचा माल कायदेशीरपणे बर्फात घालून पुण्यात येऊ शकतो. शिवाय बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे आणि शीतगृहातला साठा वेगळाच. विक्रेत्याला ‘कुठल्या बंदरचा?’ एवढंच विचारा.

आम्हाला महिन्यापेक्षा मापाची काळजी जास्त वाटते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी जवळपास अख्खी मावत नसेल असं पापलेट घेऊ नका. ते एकदाही अंडी न घालता ताटात आलेलं असतं. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, तेव्हा एवढा मान राखायला हरकत नाही. सुरमईचे तुकडे घेताना अख्खा मासा समोर कापून घ्या, नाहीतर माप कळणारच नाही.

ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं आणि कोळंबीबरोबर लहान मासे ढिगाने वर येतात. चौकटी आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक) जाळं ओढतानाही उघडं राहतं आणि पिल्लं निसटतात. तिरकी आस ओढली की मिटते, मग कागदावरचं माप कितीही असो. बांगडा लवकर वयात येतो, म्हणून वारंवार खायचा मासा तो. तळ्यातल्या रोहू, कटलाचा समुद्रावरचा भार त्याहून हलका. कोंडा आणि पेंडीवर वाढतात. पाळलेल्या कोळंबीच्या खाद्यात मात्र समुद्रातल्याच माशांची भुकटी असते.

प्रश्न : घरी आठवड्याला किलोभर मटण होतं. चिकन आणलं तर पर्यावरणाला खरंच फरक पडतो? बोकड तर डोंगरावरचा पाला खातो.

पडतो, आणि कारण पाल्यात नाही, रवंथात आहे. एक शेळी वर्षाला सुमारे ५ किलो मिथेन बाहेर टाकते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, म्हणजे १४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. वर्षाच्या बोकडाचं मटण १२ किलो धरा. किलोमागे १२ झाले. आईचा वाटा धरला, वर्षाला दोन करडं असं मानून, तर साडेसतरा. हा फक्त रवंथ. तब्बल ११९ देशांतल्या शेतांची आकडेवारी एकत्र करणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात मेंढी-शेळीचं मांस किलोमागे ४० च्या आसपास, चिकन १० आणि तांदूळ साडेचार निघाला. ते जगाचे आकडे आहेत. उस्मानाबादी बोकडाला तसेच चिकटवू नका. पण क्रम बदलत नाही.

कोंबडी रवंथ करत नाही, तिचा भार खाद्याचा. दोन किलोची ब्रॉयलर ३५ ते ४० दिवसांत तयार होते आणि किलोभर मांसामागे सव्वादोन-अडीच किलो मका-सोयाबीन खाते. चिकनची दुसरी किंमत प्रतिजैविकांची. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध कोंबड्यांना देण्यावर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली.

पाल्याबद्दल : शेळी कोवळा शेंडा खाते, म्हणून उजाड टेकडीवर रोप उभं राहत नाही. बांधावर शेवरी, हादगा लावून गोठ्यात चारा देणारा पाळणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडून घ्या, आणि मटण महिन्यातून दोनदा करा.

प्रश्न : उरुळी कांचनला ताजं कोंबडीखत घातलं. रोपं करपली, माश्याही झाल्या.

ताज्या खतातला अमोनिया आणि क्षार मुळं जाळतात. एक पाटी खताला दोन-तीन पाट्या उसाचं पाचट मिसळून ढीग लावा. मूठ आवळली की एखाददुसरा थेंब यावा, इतकाच ओलावा. उन्हाळ्यात माशी अंड्यापासून आठवड्या-दहा दिवसांत उडते, म्हणून दर सहाव्या दिवशी ढीग उलटा आणि बाहेरची बाजू आत घाला. आत ५५ अंशांपर्यंत ताप चढला पाहिजे. चढत नसेल तर पाचट फार झालं किंवा ढीग कंबरेपेक्षा बुटका आहे. चुना टाकू नका, त्याने अमोनिया उडून नत्र जातं. दीड-दोन महिन्यांनी वास मातीसारखा आला की गुंठ्याला ४० ते ५० किलो घाला.