अन्ननलिकेच्या कर्करोगात गाठीशेजारच्या 'नॉर्मल' भागातही जनुकीय बदल सापडतात का? मग सुरुवातीचा बदल ओळखायचा कसा?

सापडतात, आणि भरपूर सापडतात. खरी अडचण तीच आहे.

२०१८ साली ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने कर्करोग नसलेल्या ९ दात्यांच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं. मध्यमवयीन आणि वयस्कांमध्ये नॉच१ या जनुकातला बदल १२ ते ८० टक्के पेशींत होता, टीपी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकातला २ ते ३७ टक्के. गंमत म्हणजे नॉच१ मधले बदल प्रत्यक्ष गाठींपेक्षा निरोगी अस्तरातच कितीतरी जास्त! त्यामुळे नुसता नॉच१ दिसला म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

टीपी५३ चं तसं नाही. या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत बिघडलेल्या पेशी निरोगी अस्तरातही असतात. दुसरीही गेली आणि गुणसूत्रांचे तुकडे वाढू-गळू लागले, की मामला गंभीर.

आता तपासणीतली नेहमीची चूक. गाठीतले बदल शोधताना तुलनेच्या नमुन्यातही दिसणारे बदल जन्मजात धरून वजा करतात. तुलनेसाठी शेजारचंच ऊतक 'नॉर्मल' म्हणून घेतलं, तर दोन्हीकडे असलेला सुरुवातीचा बदल जन्मजात समजून वजाबाकीत उडून जातो. म्हणून तुलनेला रक्ताचा नमुना घ्यावा. (रक्तातही वयानुसार बदललेल्या पेशी असतात, पण ते वेगळं प्रकरण.) शिवाय सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) खोल हवं, म्हणजे तीच जागा पुष्कळ वेळा वाचलेली हवी: १ टक्का प्रमाणातला बदल ५० वाचनांत बहुतेक निसटतो, १००० वाचनांत साधारण १० वेळा दिसतो.

रुग्णाच्या निदानासाठी मात्र आजही एंडोस्कोपी आणि बायोप्सीच. स्क्वॅमस प्रकारात (अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगात) आयोडीन फवारल्यावर जो डाग रंग घेत नाही, तिथला तुकडा आधी काढतात.